पोळ्याच्या स्पर्धेसाठी बैलजोडी आणि साज: पंधरा दिवसांची तयारी

जाणकार परीक्षक आखरावर, म्हणजे पोळा भरतो त्या मोकळ्या जागेवर, जोडीजवळ आला की झूल उचलून आधी खांदा बघतो. मग खूर, मग मांडीवरचे शेणाचे डाग. साजाकडे तो त्यानंतर वळतो. म्हणून तयारीचा क्रमही तसाच ठेवा: कातडी, खांदा आणि खूर आधी, मग दोर आणि शिंगे, मग साज, आणि रंग अगदी शेवटी. बऱ्याच घरी हे उलटे होते. झूल आणि गोंडे आठवडी बाजारातून आधी येतात आणि येसन, म्हणजे नाकातला दोर, बदलायची राहिली हे पोळ्याच्या आदल्या रात्री लक्षात येते. त्या वेळी घातलेली नवी येसन दुसऱ्या दिवशी बैलाच्या नाकातून रक्त काढते. असा बैल ताशाच्या आवाजात उभा राहत नाही.

श्रावण अमावस्येच्या १५ दिवस आधी सुरुवात करा. तोवर डवरणी (पिकातली कोळपणी) बहुतेक आटोपलेली असते, बैल थोडे मोकळे असतात. पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यकाला जोडी दाखवून घ्या. कानातला १२ अंकी बिल्ला शाबूत आहे का बघा. तो तुटला असेल तर नवा लावून घ्या आणि सजवताना गोंड्याखाली झाकू नका. लम्पीची लस राहिली असेल तर ती पोळ्याच्या तोंडावर देऊन फायदा नाही, प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. लम्पीमुळे २०२२ आणि २०२३ मध्ये अनेक ठिकाणी पोळा भरवण्यावर बंधने आली होती. अंगावर गाठी असलेला, ताप असलेला बैल आखरावर नेऊ नका. एका बैलापायी सगळ्या गावाची जनावरे धोक्यात येतात. गोचिडांचे औषधही याच आठवड्यात, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत लावा. कापसावरची फवारणी गोचिडांवर मारणे हा बैल मारण्याचा प्रकार आहे.

खांदा आणि कातडी

डवऱ्याच्या कामाने खांद्यावर घट्टा पडतो, केस जातात, कधी कातडी सोलवटते. सोललेल्या खांद्यावर १५ दिवस जू ठेवायचे नाही. साधे उपाय एवढेच: कोमट मीठपाण्याने धुवा, कापडाने टिपा, कडुनिंबाचे तेल लावा. ते माश्यांना दूर ठेवते. भादव्याच्या तोंडावर माश्या फार असतात आणि उघड्या जखमेत दोन दिवसांत किडे पडतात. पू असेल, किंवा सूज हाताला गरम लागत असेल, तर शेक देऊ नका, डॉक्टर बोलवा.

पांढऱ्या बैलाच्या मांडीवरचे शेणाचे पिवळे डाग एका दिवसात जात नाहीत. शेवटच्या दिवशी खसाखसा घासले तर कातडी लाल होते, डाग तसाच राहतो. त्यापेक्षा कोठ्यातली (गोठ्यातली) बसायची जागा रोज झाडा, ओली माती काढून टाका आणि कोरड्या कुटाराचा (भुशाचा) वीतभर थर द्या. डाग लागल्या दिवशीच रिठ्याच्या पाण्याने धुवा. दोन बैलांना एका वेळी ओंजळभर रिठे पुरतात. ते बिया काढून रात्री बादलीभर पाण्यात भिजवा आणि सकाळी चुरून गाळून घ्या. कपड्यांची पावडर वापरू नका. तिने केसांवरचे नैसर्गिक तेल जाते, कोंडा सुटतो, आणि बैल अंग चाटतो ते वेगळेच. शेवटच्या पाण्यात नीळ टाकायची सवय काही ठिकाणी आहे. थोडीही जास्त झाली तर उन्हात बैल निळसर दिसतो, म्हणून न टाकलेली बरी. आंघोळीनंतर नारळाच्या काथ्याने केसांच्या दिशेने घासा. रोज दहा मिनिटांचा हा खरारा पंधरा दिवसांत जी चमक आणतो ती तेल चोपडून येत नाही. तेलावर धूळ बसते आणि आखरावर पोचेपर्यंत बैल मळकट दिसायला लागतो.

खूर

काळी माती खुरांच्या फटीत शिरते, वाळते आणि चिरा पाडते. रोज संध्याकाळी बोथट लाकडी काडीने फट मोकळी करा. खूर वाढले असतील किंवा नाल सैल असेल तर किमान १० दिवस आधी नालबंदाकडे न्या. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने एका पायाला दोन पत्र्या लागतात, म्हणजे एका बैलाला ८ आणि जोडीला १६. एक खिळा जरी आत लागला तरी बैल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय उचलायला लागतो, म्हणून हे काम आदल्या दिवशी कधीच करू नका. शिवाय नवी नाल सिमेंटच्या ओल्या रस्त्यावर घसरते. चार-पाच दिवस चालून तिची चमक जाऊ द्या.

येसन, मोरकी, कासरा

नवा दोर घ्यायचा तो सुती किंवा अंबाडीचा. नायलॉन स्वस्त आणि रंगीत असतो, पण ओढ बसली की नाकपुडीची कातडी कापतो आणि कासरा धरणाऱ्याचा तळहात भाजतो. अंबाडीचा नवा दोर खरखरीत असतो. तो रात्रभर पाण्यात भिजवा, लाकडावर झोडून मऊ करा, सावलीत वाळवा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. रंगवलेला दोर असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग फडक्याला लागला तर तो बैलाच्या तोंडालाही लागणार. असा दोर मोरकीला, म्हणजे तोंडावरच्या दोराला, चालवून घ्या, येसनीला नाही.

येसन पोळ्याच्या पाच-सहा दिवस आधी बदला. जुन्या येसनीची गाठ नाकातून ओढू नका. एका बाजूची गाठ कापून टाका, त्या टोकाला नव्या दोराचे टोक जाड दोऱ्याने शिवा, जोड बोटाने चाचपून गुळगुळीत आहे याची खात्री करा, त्यावर तूप किंवा खोबरेल तेल लावा आणि एका संथ ओढीत आरपार घ्या. एकाने डोके धरायचे, दुसऱ्याने दोर घ्यायचा. नंतर दोन दिवस त्या येसनीला धरून बैल ओढू नका, मोरकीला धरा. कासरा दोन्ही बैलांना सारख्याच लांबीचा हवा, नाहीतर उभी जोडी तिरपी दिसते.

शिंगे

काचेने किंवा विळ्याने शिंगे तासून बारीक करण्याची रीत अजून आहे. ती सोडावी असे आमचे स्पष्ट मत आहे. शिंगाचा बाहेरचा थर मृत असला तरी आत हाड आहे, त्याला रक्तपुरवठा आहे आणि ती पोकळी कपाळाच्या हाडाशी जोडलेली आहे. पातळ झालेले शिंग धक्क्याने तडकते, मग आत पू होतो. आपल्याकडच्या बैलांमध्ये शिंगाचा कर्करोग आढळतो आणि शिंगाला सतत होणारे घर्षण हे त्यामागचे एक कारण असावे असे पशुवैद्यक मानतात. बैल एका बाजूला डोके झुकवत असेल, शिंग वाकत किंवा हलत असेल, एका नाकपुडीतून रक्ताळ स्राव येत असेल, तर सजावट बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.

शिंग स्वच्छ करायला ओले पोते आणि थोडी चाळलेली राख पुरते. खडबडीत सुटे पापुद्रे असतील तर बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने घासा, खोल जाऊ नका. मग जवसाचे तेल लावा. हे तेल हवेत वाळते आणि शिंगावर पक्का थर धरते, म्हणून अगदी पातळ लावायचे: फडक्यावर चार थेंब, एका शिंगाला तेवढे पुरे. जाड लावले तर चिकट राहते आणि धूळ धरते. कच्च्या तेलाला वाळायला काही दिवस लागतात, म्हणून पोळ्याच्या आठवडाभर आधी लावा. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाने भिजलेले फडके बोळा करून कुटारात किंवा कोठ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि बोळ्याच्या आत ती कोंडून फडके आपोआप पेटू शकते. ते पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

डब्यातला तेलरंग शिंगांना लावू नका. तो काढायला टर्पेंटाइन लागते आणि ते डोळ्यांजवळ न्यायचे नसते. हिंगुळाबद्दलही सावध राहा. खरा हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग, आणि जोडीतले बैल एकमेकांची शिंगे, माना चाटतात. लाल हवे असेल तर गेरू वापरा. बेगड लावायची असेल तर कणकेच्या खळीने चिकटवा, कडा नीट दाबा आणि शिंगाच्या बुडाशी दोन बोटे जागा मोकळी सोडा. उकललेली बेगड डोळ्यासमोर फडफडली की शांत बैलही मान झटकतो.

साज

सगळा साज १० दिवस आधी पेटीतून काढून अंगणात मांडा. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी आलेली असते. कोरड्या फडक्याने ती अंगणाबाहेर झटका, मग ओलसर फडक्याने पुसा, सावलीत वाळू द्या आणि एरंडेल तेलाचा पातळ हात द्या. दुसऱ्या दिवशी जास्तीचे तेल पुसून काढा, नाहीतर पांढऱ्या मानेवर तपकिरी पट्टा उमटतो. घागरमाळेच्या प्रत्येक घंटेची वादी ओढून बघा. शिवण उसवलेली असेल तर मेणाच्या दोऱ्याने शिवून घ्या. आखरावर गर्दीत घंटा पडली तर ती परत मिळत नाही.

पितळेला चिंच आणि मीठ चांगले लागते, पण तीन गोष्टी पाळा. घंटा शक्यतो पट्ट्यावरून सोडवून घासा, कारण चिंचेचे पाणी चामडे कडक करते. घासल्यावर भरपूर पाण्याने धुवा. लगेच कोरड्या कापडाने पुसून उन्हात ठेवा. आंबट ओल राहिली तर दोन दिवसांत हिरवट थर येतो आणि तो बैलाच्या मानेला लागतो.

कवड्यांच्या माळेला मात्र चिंच, लिंबू, ताक काहीही लावू नका. कवडी चुनखडीचीच बनलेली असते, आंबटाने तिचा वरचा थर विरघळतो आणि चमक कायमची जाते. कोमट रिठ्याचे पाणी, मऊ ब्रश, आणि शेवटी सुती कापडाने पुसणे एवढेच करा. माळेचा दोरा जुना असेल तर नवीन सुती दोऱ्यात ओवा आणि दर चार-पाच कवड्यांनंतर गाठ मारा. मग माळ तुटली तरी सगळ्या कवड्या सांडत नाहीत.

झुलीचे माप वशिंडाच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या मुळापर्यंत घ्या. बाजूने ती पोटाच्या मध्यापर्यंत, फार तर पोटाच्या खालच्या कडेपर्यंत यावी. त्याखाली गेली तर चालताना पायात येते आणि बैलाची ठेवण झाकते. अस्तर सुतीच हवे. नुसत्या सिंथेटिक कापडाखाली श्रावणाच्या दमट उन्हात बैल घामेजतो आणि धापा टाकतो. छातीपुढे एक बंध, पोटाखाली एक, शेपटीखाली एक फास असे तीन ठिकाणी बांधा. पोटाच्या बंधाखालून सपाट हात सहज जायला हवा. नवी लाल झूल पहिल्यांदा पावसात भिजली की पांढऱ्या अंगावर गुलाबी ओघळ येतात, म्हणून ती आधीच थंड पाण्यातून, रंग सुटेनासा होईपर्यंत, काढून घ्या.

रंगाची निवड जनावरावर ठरवा. वर्ध्याकडची गवळाऊ जोडी पांढरी, उंच आणि लांबट तोंडाची असते. तिच्यावर गर्द लाल किंवा हिरवी झूल आणि मोजकेच आरसे शोभतात. गडचिरोली-चंद्रपूरकडचा कठाणी बैल लहान चणीचा. त्याच्यावर मोठ्या बैलाची झूल घातली की तो तिच्यात हरवतो, त्याला आखूड झूल आणि बारीक घुंगरांची माळ घ्या. दोन्ही बैलांचा साज एकाच जोडाचा असावा. एकाला नवे बाशिंग आणि दुसऱ्याला मागच्या सालचे असेल तर जोडी विजोड दिसते. दोन्ही जुने पण स्वच्छ असेल ते केव्हाही चांगले.

मठाठी कपाळावर अशी बांधा की तिची खालची कडा डोळ्यांच्या वर चार बोटे राहील. बाशिंग शिंगांच्या बुडाला बांधा, कानांना ताण देऊ नका. कान दबलेला बैल सतत डोके हलवतो. पायातले तोडे घोट्यावर एक बोट सैल हवेत. फुगे आणि प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या लावूच नका. शेजारचा बैल त्या ओढून गिळतो आणि त्या पोटात राहतात.

साजाची सवय लावणे हे यातले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. पहिल्या दोन संध्याकाळी फक्त घुंगरमाळ, मग झूल, मग मठाठी, शेवटी सगळा साज घालून दोघांना गावातून एक फेरी मारा. जोडी नेहमीच्याच बाजूंनी उभी करा, जुवातला डावा तो डावाच. खांद्याला खांदा, पुढचे पाय एका रेषेत, माना सारख्या उंचीवर, अशी पाच मिनिटे उभी राहायची सवय करा आणि प्रत्येक वेळी मूठभर ढेप (पेंड) द्या.

खांद शेकणे

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जू उतरवलेलेच राहू द्या. पाणी कोपराला सोसेल इतके गरम घ्या. जाड कापड बुडवून, पिळून, खांद्यावर १० ते १५ मिनिटे शेक द्या. अर्धी वाटी तूप किंवा लोण्यात दोन चमचे हळद कालवून पळसाच्या पानाने खांद्यावर चोळा. पानाने हात चटका न लागता फिरतो आणि तूप सारखे पसरते. मग आवतन द्या: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. हळदीचा पिवळा डाग दुसऱ्या दिवशी खांद्यावर दिसतो. तो घासून काढू नका, तो रीतीचा आहे आणि परीक्षकांना ते माहीत असते.

गेरूचे ठिपके पोळ्याच्या सकाळी

आंघोळ घालून अंग पूर्ण वाळल्यावरच ठिपके द्या. पाव किलो गेरूला बाभळीच्या डिंकाची दोन चमचे पूड आणि दाट कालवण होईल इतके पाणी घ्या. डिंक रात्रीच भिजत घाला. डिंकाशिवाय गेरू पहिल्या शिडकाव्यात ओघळतो. ठिपका वाटीच्या काठाने किंवा अर्ध्या कापलेल्या बटाट्याने उमटवा. हाताच्या पंजाने उमटवायचे असेल तर घरातल्या एकाच माणसाचा हात दोन्ही बैलांवर वापरा. झूल जिथे येणार तिथे रंग देऊ नका, झुलीच्या अस्तराला लागतो. डोळे, नाकपुड्या आणि खांद्याची हळद मोकळी सोडा.

धुरकऱ्याचा पोशाख

जोडीला दोन धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारी माणसे, दोघांचा पोशाख एकसारखा. पांढरे धोतर किंवा पायजमा, पांढरा सदरा, टोपी किंवा फेटा. दुपट्टा गळ्यात लोंबता ठेवू नका. त्याचे टोक घंटेच्या वादीत अडकते आणि बैल मान फिरवतो तेव्हा माणूस ओढला जातो. तो कमरेला बांधा. धोतराचा काष्टा घट्ट हवा, पायापर्यंत लोळणारे धोतर आखराच्या चिखलात चपलेखाली येते. पायात चप्पल नको, बंद बूट घाला. चारेकशे किलोच्या बैलाचा नाल ठोकलेला खूर पायावर पडला तर बोटे मोडतात. कासरा हाताला गुंडाळू नका, घडी करून मुठीत धरा. तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, न्यायची तर बिनटोकाची. खिळा लावलेल्या काठीला १९६५ च्या ओढकामाच्या जनावरांसंबंधीच्या नियमांत मनाई आहेच, आणि परीक्षकासमोर तुतारी टोचून चालवलेली जोडी शिकवलेली नाही हे लगेच कळते.

आखरावर

सकाळी नेहमीचा चारा द्या. पुरणपोळीचा घास ओवाळून भरवायचा तो एखादाच. घरोघरी प्रत्येकाने दोन-दोन पोळ्या दिल्या की गूळ आणि डाळ एकदम पोटात जाते, ते आंबते आणि संध्याकाळी बैलाचे पोट गच्च होते, रवंथ थांबते. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. निघण्यापूर्वी मनसोक्त पाणी पाजा. पावसाची चिन्हे असतील तर वाटेत झुलीवर प्लॅस्टिकचा कागद टाका आणि तोरणाजवळ काढा.

जोडी ताशा आणि लाऊडस्पीकरपासून लांब, सावलीच्या कडेला उभी करा. सोबत एक पिशवी ठेवा: कोरडे फडके, सुई-मेणाचा दोरा, थोडा भिजवलेला गेरू, दोन मुठी ढेप आणि एक साधा सुटा दोर. परीक्षक येताना दिसले की नाक-डोळे पुसा, शेण पडले असेल तर मांडी पुसा, पाय एका रेषेत घ्या आणि स्वतः बैलाच्या बाजूला सरका, पुढ्यात उभे राहू नका. खांदा बघायला झूल उचलावी लागली तर स्वतःच उचला. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या की गर्दी आरोळ्या ठोकते, त्या क्षणी कासरा आखूड घ्या. तोरण तुटून पोळा फुटला की सगळ्या जोड्या एकदम निघतात. शेवटच्या रांगेतून निघालात तर साज शाबूत राहतो.

घरी परतल्यावर ओवाळणी आणि बोजाऱ्याचे (पोळ्याच्या दिवशी द्यायच्या पैशांचे) झाले की साज त्याच संध्याकाळी उतरवा. आधी पोटाचा बंध, मग शेपटीचा, शेवटी छातीचा. छातीचा आधी सोडला तर झूल मागे घसरून पायात जाते आणि बैल लाथ मारतो. बेगड कोमट पाण्याने भिजवून सोडवा, गेरू धुवून काढा, तोड्यांखालची आणि मठाठीखालची कातडी बघा. झूल दोन दिवस पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत ठेवू नका. वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांसोबत घडी करा, पितळ कोरड्या सुती कापडात वेगळे गुंडाळा आणि डाव्या-उजव्या बैलाच्या साजाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवा.